व्हिक्टोरियन काळातील स्वतंत्र, अविवाहित स्त्रिया आणि त्यांच्याविषयीची जुनी पुस्तके

मृण्मयी_स

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडविषयीची जुनी पुस्तके मी सध्या सलग वाचते आहे. त्यांत कादंबऱ्या आहेत, चरित्रे आहेत आणि त्या काळात लहानाच्या मोठ्या झालेल्या स्त्रियांनी पुढे लिहिलेल्या आठवणीही आहेत. वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, आणि तिच्याविषयी इथल्या वाचकांचे मत जाणून घ्यावे, म्हणून हा धागा काढते आहे.

कादंबऱ्यांत अविवाहित स्त्री भेटते ती बहुधा दोन रूपांत. ती तरुण असेल तर शेवटच्या प्रकरणात तिचे लग्न होते. वयस्क असेल तर लेखक तिच्याकडे दयेने किंवा थट्टेने पाहतो. शार्लट ब्राँटेच्या ‘शर्ली’त (१८४९) कॅरोलाइन ही तरुण मुलगी मिस मॅन आणि मिस एन्ली या दोन प्रौढ, अविवाहित स्त्रियांच्या घरी मुद्दाम जाते आणि आपले पुढचे आयुष्य असेच असणार का, हे निरखून पाहते. ती पाने मला फार मोलाची वाटली, कारण तिथे लेखिका घाई न करता, अविवाहित स्त्रीने दिवसभर करायचे काय आणि तिच्या असण्याला अर्थ कोणता, हा प्रश्न विचारते. परंतु पुस्तक संपते ते दोन लग्नांनीच.

त्याच काळातील प्रत्यक्ष स्त्रियांची पत्रे आणि चरित्रे मात्र वेगळे सांगतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, गरिबांच्या घरांसाठी झटणारी ऑक्टेव्हिया हिल, शिक्षिका डोरोथिया बील, लेखिका हॅरिएट मार्टिनो यांच्यापैकी कोणीही लग्न केले नाही. मार्टिनोने तर आपण बहुधा इंग्लंडमधील सर्वांत सुखी अविवाहित स्त्री असू, असे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. म्हणून माझे मत असे झाले आहे की या विषयापुरता कादंबऱ्यांवर विश्वास ठेवू नये आणि पत्रे व चरित्रेच वाचावीत. मी स्वतः एकटी राहते, त्यामुळे हा विषय मला केवळ अभ्यासापुरता नाही. या स्त्रिया राहत कुठे, खर्च कशातून भागवत, आजारपणात त्यांच्याजवळ कोण असे, हे सांगणारी पुस्तके कोणती आणि सुरुवात कुठून करावी, हे कृपया सुचवावे.

अनिरुद्ध_द

मृण्मयीताई, धागा उत्तम आहे, पण आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कादंबरीचा शेवट बाजूला ठेवून तिच्यातला पैशाचा हिशेब वाचावा, म्हणजे ती चरित्राइतकीच खरी बोलू लागते.

एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘क्रॅनफर्ड’मधील मिस मॅटी पाहा. तिचे उत्पन्न वर्षाला दीडशे पौंडांच्या आसपास आहे आणि ते एका बँकेतल्या गुंतवणुकीतून येते. ती रेशमी कापड घ्यायला दुकानात जाते, तेव्हा तिथे आलेल्या एका शेतकऱ्याची त्याच बँकेची पाच पौंडांची नोट दुकानदार नाकारतो. मॅटी आपल्या कापडासाठी आणलेली पाच सोन्याची नाणी त्या शेतकऱ्याला देते आणि ती नोट स्वतःकडे घेते, कारण बँकेत आपलाही भाग आहे म्हणजे तिच्या शब्दाची जबाबदारी आपल्यावरही आहे, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. बँक बुडते. पाद्रीसाहेबांची ही मुलगी मग घराच्या पुढच्या खोलीत चहा विकू लागते. मला तरी या प्रसंगात थट्टा दिसत नाही.

आता शार्लट ब्राँटेचीच ‘जेन एअर’ (१८४७) घ्या. थॉर्नफील्डच्या घरी गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, म्हणून जेनला वर्षाला तीस पौंड पगार आहे. पुढे काकाकडून तिला वीस हजार पौंड मिळतात आणि ती त्यांचे चार भाग करून पाच हजार स्वतःकडे ठेवते. त्या काळी सरकारी रोख्यांवर साधारण तीन टक्के व्याज सुटे, म्हणजे पाच हजारांवर वर्षाला दीडशे पौंड. मिस मॅटीचा आकडाही जवळपास तोच आहे! एका सभ्य घरातील अविवाहित स्त्रीला कोणापुढे हात न पसरता राहायला काय लागते, हे दोन्ही लेखिकांना नेमके ठाऊक होते. जेन थॉर्नफील्डच्या मालकाकडे, रॉचेस्टरकडे, परत जाते ती हे पैसे हाती आल्यानंतर, आणि आता मी माझी मालकीण आहे, असे त्याला स्पष्ट सांगते. लग्न शेवटी होते हे खरे; पण त्या क्षणी ते करणे तिच्या पोटाला आवश्यक उरलेले नसते.

केतकीवन

दीडशे पौंडांची ही जोडणी वाचून ‘क्रॅनफर्ड’ पुन्हा कपाटातून काढले आहे. आज रात्रीच सुरू करते.

वैदेही_विधिज्ञ

अनिरुद्धजींनी मांडलेल्या हिशेबाला कायद्याची बाजू जोडते, कारण तिच्याशिवाय या काळातील कोणतेही पुस्तक पुरते उलगडत नाही.

इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यानुसार लग्न होताच स्त्रीचे वेगळे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची रोकड, दागिने आणि मजुरी त्याची होई. स्वतःच्या नावाने करार करणे किंवा दावा लावणे तिला शक्य नसे. श्रीमंत घराण्यांत विश्वस्त नेमून मुलीच्या नावे वेगळी मालमत्ता ठेवत, पण तो मार्ग सामान्य घरांना परवडणारा नव्हता. सज्ञान अविवाहित स्त्रीला मात्र मालमत्ता बाळगणे, ती विकणे, मृत्युपत्र करणे आणि कोर्टात उभे राहणे हे सारे मोकळे होते. १८७० च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला आणि १८८२ च्या कायद्याने तिच्या मालमत्तेवर. म्हणजे ‘क्रॅनफर्ड’ आणि ‘शर्ली’ लिहिल्या गेल्या, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मिस मॅटी तिच्या लग्न झालेल्या शेजारणीपेक्षा अधिक पूर्ण नागरिक होती.

याहून पुढची गोष्ट १८६९ ची आहे. त्या वर्षी कर भरणाऱ्या स्त्रियांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला आणि १८७२ मध्ये न्यायालयाने ठरवले की तो केवळ अविवाहित आणि विधवा स्त्रियांचा आहे, विवाहितेचा नाही. समाज ज्या स्त्रीची कीव करत होता, तिला मत होते. ज्या स्त्रीचा मान राखत होता, तिला ते नव्हते. जुन्या पुस्तकांतील करुणेचा सूर वाचताना ही वस्तुस्थिती जवळ ठेवावी, अशी माझी सर्वांना विनंती आहे.

लीड्सकर

मी यॉर्कशरमध्ये बरीच वर्षे राहतो. ‘शर्ली’चा विषय निघाला आहे, तर शार्लट ब्राँटेची शाळेतील मैत्रीण मेरी टेलर हिच्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मेरी आमच्याजवळच्या गोमर्सल गावची. वडील कापडाचे उत्पादक होते. ते वारले तेव्हा घरावर कर्ज होते. गव्हर्नेस होणे तिला मान्य नव्हते. तिने काही काळ जर्मनीत मुलांना शिकवले आणि १८४५ मध्ये ती सरळ न्यूझीलंडला निघून गेली. तिचा भाऊ तिथे आधी गेलेला होता. पुढे तिची चुलत बहीण एलन तिथे आली आणि १८५० मध्ये त्या दोघींनी वेलिंग्टनच्या क्यूबा स्ट्रीटवर कापडचोपडाचे दुकान काढले. माल आणणे, मांडणे, उधारीचे हिशेब, गिऱ्हाइकांशी बोलणे हे सारे त्या स्वतः करत. एलन १८५१ च्या शेवटी क्षयाने वारली. मेरीने दुकान एकटीने पुढे चालवले, ते चांगले नफ्यात आणले आणि १८५९-६० च्या सुमारास स्वतःच्या कमाईवर ती यॉर्कशरला परतली. तिने घर बांधले, लग्न केले नाही आणि १८९३ मध्ये ती वारली.

१८५० मध्ये ‘शर्ली’तील काही उतारे आधी तिच्या वाचनात आले, पूर्ण पुस्तक नंतर हाती पडले. त्या कादंबरीतील यॉर्क कुटुंब म्हणजे टेलर कुटुंबच आहे आणि रोझ यॉर्क म्हणजे स्वतः मेरी. तरीही केवळ त्या उताऱ्यांवरून तिने शार्लटला जे पत्र लिहिले, तितके कठोर पत्र क्वचितच एखाद्या मैत्रिणीने लिहिले असेल. काही स्त्रियांनी, लग्नाचा बेत बाजूला ठेवला तर, काम करायला हरकत नाही, असा जो सूर ‘शर्ली’त आहे, त्यावरून तिने शार्लटला भित्री आणि दगाबाज ठरवले. काम करणारी स्त्री केवळ त्या कामामुळेच न करणाऱ्या स्त्रीपेक्षा चांगली, असे तिचे म्हणणे होते. पुढे मासिकांतून तिने या विषयावर सातत्याने लेख लिहिले आणि १८७० मध्ये ते पुस्तकरूपाने आले. स्त्रीचे पहिले कर्तव्य स्वतःला दारिद्र्यापासून वाचवणे हे आहे, हा त्या लेखांचा गाभा आहे. १८७४ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, ती चार तरुण मुलींना घेऊन आल्प्समध्ये हिंडली आणि त्या प्रवासाचे पुस्तकही त्या पाच जणींनी मिळून लिहिले.

तिची न्यूझीलंडची पत्रे जोन स्टीव्हन्स यांनी संपादित करून १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. मृण्मयीताई, आपण विचारलेल्या बहुतेक गोष्टी त्यांत आहेत. दुकानाच्या वर कसे राहतो, आज काय विकले, संध्याकाळी काय वाचले, एलन गेल्यावर घर कसे झाले, हे सारे ती कोणताही आव न आणता सांगते. ती पत्रे माझ्या उशाशी असतात. गोमर्सलचे तिचे घर, ‘रेड हाउस’, अनेक वर्षे संग्रहालय म्हणून खुले होते. मी मुलींना घेऊन तिथे गेलो आहे. २०१६ मध्ये ते बंद झाले, याचे मनापासून वाईट वाटते.

मृण्मयी_स

लीड्सकर, आपला प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. शार्लटला तिच्या तोंडावर असे लिहिणारी मैत्रीण होती, हे कळल्यावर ‘शर्ली’ वेगळीच दिसू लागते. शार्लटने तिला काय उत्तर दिले असेल, ते वाचायला मिळते का?

लीड्सकर

दुर्दैवाने नाही. मेरीने शार्लटची पत्रे एक वगळता सगळी नष्ट केली. १८४८ मध्ये शार्लट आणि तिची बहीण अॅन लंडनला जाऊन प्रकाशकाला भेटल्या, त्या भेटीचे वर्णन करणारे पत्र तेवढे उरले आहे. दुसरी मैत्रीण एलन नसी हिने मात्र शेकडो पत्रे जपून ठेवली आणि आज शार्लट आपल्याला दिसते ती मुख्यतः त्या पत्रांतून. मेरीशी ती ज्या वादाच्या भाषेत बोलत असेल, ती भाषा आपण कायमची गमावली आहे. एलन नसीही आयुष्यभर अविवाहित राहिली, हे इथे सांगण्यासारखे आहे.

दिगंत

चर्चा अतिशय चांगली चालली आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. इथे आतापर्यंत आलेल्या बहुतेक स्त्रिया व्याजावर, वारशावर किंवा भावाच्या आधारावर उभ्या आहेत. १८५१ मध्ये ब्रिटनमध्ये घरकामगारांची संख्या दहा लाखांच्या घरात होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्यातही बहुसंख्य अविवाहित होत्या. त्या स्वतः कमावत होत्या, आईबापांपासून दूर राहत होत्या आणि पुष्कळदा घरी पैसे पाठवत होत्या. तरीही स्वतंत्र अविवाहित स्त्री म्हटले की त्या कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत. लँकशरच्या कापडगिरण्यांतील मुलींचेही तेच. मिस मॅटीच्या घरी मार्था नावाची मोलकरीण आहे आणि बँक बुडाल्यावर मालकिणीला सोडून जायला ती साफ नकार देते. पुस्तकातील सर्वांत ठाम स्त्री कदाचित तीच असेल.

हॅना कलविक या मोलकरणीच्या रोजनिश्या १९८४ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. पायऱ्या घासणे, बूट पॉलिश करणे, चुली साफ करणे अशा कामांची दिवसागणिक नोंद तिने ठेवली आहे. आर्थर मन्बी या शिकलेल्या गृहस्थाशी १८७३ मध्ये तिचे गुपचूप लग्न झाले, पण लग्नाची तिला फारशी ओढ नव्हती आणि मालकीणबाईंसारखे नटूनथटून बसणे तिला कधीच रुचले नाही. स्वतःच्या हातांच्या ताकदीचा तिला अभिमान होता. ही रोजनिशी वाचल्याशिवाय या विषयावरचे वाचन पुरे झाले, असे कोणी म्हणू नये.

दुसरे असे की दीडशे पौंड येतात कुठून, हेही विचारले पाहिजे. जेनचा काका मदीराचा व्यापारी आहे आणि त्याचे लागेबांधे जमैकाशी आहेत. मिस मॅटीला शेवटी सावरतो तो हिंदुस्थानातून पैसा घेऊन परतलेला भाऊ. या सभ्य, शांत घरांच्या पायाखाली वसाहतींतील कमाई आहे.

अनिरुद्ध_द

दिगंत, हिंदुस्थानातून आलेल्या त्या भावाकडे या दृष्टीने मी कधी पाहिले नव्हते. आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे. मात्र व्याजावर जगणारी स्त्री सुरक्षित होती असेही नव्हते, एवढे त्यात जोडतो. त्या काळी बँकेचे भागधारक बँकेच्या देण्याला आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार असत. १८७८ मध्ये ग्लासगोची एक मोठी बँक बुडाली, तेव्हा भागधारकांकडून त्यांच्या भागांच्या किमतीच्या कित्येक पट रक्कम वसूल केली गेली, आणि त्या भागधारकांत अविवाहित स्त्रिया व विधवा पुष्कळ होत्या. गॅस्केलने पंचवीस वर्षे आधी लिहिलेली गोष्ट त्यांच्यावर शब्दशः ओढवली.

सुनंदा_कुलकर्णी

लग्न न झालेल्या स्त्रियांची संख्या इतकी होती तरी किती आणि तिच्यावरून इतका गदारोळ का झाला, याविषयी थोडे लिहिते. १८५१ च्या शिरगणतीत ब्रिटनमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे पाच लाखांनी अधिक असल्याचे दिसले. मुलगे बालपणी अधिक दगावत, तरुण पुरुष वसाहतींत आणि सैन्यात जात आणि मध्यमवर्गातील पुरुष पुरेशी मिळकत होईपर्यंत लग्न लांबणीवर टाकत. वृत्तपत्रांनी या स्त्रियांना सरळ जादा ठरवले. डब्ल्यू. आर. ग्रेग याने १८६२ मध्ये एक लेख लिहून, त्यांना जहाजांत बसवून वसाहतींत पाठवावे, म्हणजे तिथे त्यांना नवरे मिळतील, असा उपाय सुचवला. मोलकरणींना मात्र त्याने या जादा स्त्रियांत धरले नाही, कारण त्या पुरुषांच्या उपयोगी पडत होत्या. दिगंत यांच्या मुद्द्याला हा लेखच पुरावा आहे.

फ्रान्सिस पॉवर कॉब हिने त्याच वर्षी या विचाराला उत्तर दिले. लग्नावाचून दुसरा मार्गच न ठेवता स्त्रियांना लग्नाकडे ढकलणे हे लग्नाचेच अवमूल्यन आहे आणि स्त्रियांना शिक्षण व काम मोकळे केले, तर ज्या लग्न करतील त्या निदान प्रेमाने करतील, असा तिचा युक्तिवाद होता. हॅरिएट मार्टिनोने तर याआधीच, १८५९ मध्ये, शिरगणतीचेच आकडे घेऊन दाखवून दिले होते की वीस वर्षांवरील साठ लाख स्त्रियांपैकी वीस लाख स्वतःच्या श्रमावर जगत आहेत. स्त्रीला पोसणारा कोणी ना कोणी पुरुष असतोच, या गृहीतकावर सारा समाज उभा होता. त्या गृहीतकाचा तिने आकड्यांनीच निकाल लावला. हे सर्व लेख आज आंतरजालावर विनामूल्य मिळतात.

ओंकार_नाशिक

मला या विषयावरची सर्वांत चटका लावणारी कादंबरी जॉर्ज गिसिंगची ‘द ऑड विमेन’ (१८९३) वाटते. पहिल्याच प्रकरणात डॉक्टर मॅडन आपल्या सहा मुलींसाठी हजार पौंडांचा विमा उतरवायचे ठरवतात आणि त्याच संध्याकाळी अपघातात जातात. मुलींना हिशेबाचे काही शिकवलेलेच नसते, कारण मुलींना पैशाची चिंता पडू नये, असे डॉक्टरांचे मत असते. पुढे ॲलिस आणि व्हर्जिनिया या बहिणी लंडनच्या एका खोलीत, मुद्दलाला हात न लावता, भात आणि लोण्यावर दिवस काढतात. दुसऱ्या बाजूला ऱ्होडा नन आणि मेरी बारफूट मुलींना टंकलेखन आणि कार्यालयीन काम शिकवतात. ऱ्होडा चालून आलेले लग्न नाकारते आणि कादंबरी ते नाकारणे मोडत नाही. मृण्मयीताई, कादंबऱ्यांवर विश्वास ठेवू नये हे आपले मत निदान या एका पुस्तकापुरते तरी बदलावे.

केतकीवन

ओंकार यांच्याशी पूर्णपणे सहमत आहे. व्हर्जिनिया रेल्वे स्थानकाच्या उपाहारगृहात चोरून ब्रँडी घेते, तो प्रसंग वाचताना पुस्तक खाली ठेवावे लागले होते.

पंचहौद

मी पुण्याचा. या विषयाचा आपल्याकडे येणारा एक खरा धागा आहे, तो मांडतो.

इंग्लंडमध्ये अविवाहित स्त्रियांनी एकत्र राहून, स्वतःचा कारभार स्वतः पाहत काम करण्याची सुरुवात धार्मिक भगिनीसंघांनी केली. पहिला अँग्लिकन संघ लंडनमध्ये १८४५ चा. १८४८ मध्ये वाँटेज येथे दुसरा एक संघ निघाला आणि १८७७ मध्ये त्याच्या भगिनी पुण्यात आल्या. त्यांच्याशी आलेल्या परिचयातून पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह वाँटेजला गेल्या. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या, तिथल्या प्रमुख होत्या डोरोथिया बील. बील यांनी लग्न न करता अर्धशतकाच्या आसपास ती संस्था चालवली. रमाबाई, बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्यातील पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आणि तो प्रत्येक मराठी वाचकाने वाचावा, असे मला कळकळीने वाटते. धर्मगुरूंचे म्हणणे निमूटपणे मानणे ही माझी सद्सद्विवेकबुद्धी मला करू देणार नाही, असे रमाबाई त्यात पुन्हा पुन्हा बजावतात. सिस्टर जेराल्डीन यांना तो अहंकार वाटतो. बील मात्र त्यांचे ऐकून घेतात, त्यांच्याशी वाद घालतात आणि त्यांना बरोबरीने वागवतात.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. त्याच वर्षी रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला पोहोचल्या. सोराबजी आयुष्यभर अविवाहित राहिल्या आणि रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारून पुढे सुरत आणि राजकोटला डॉक्टर म्हणून आयुष्य काढले. व्हिक्टोरियन स्त्रियांच्या इतिहासाचा हा भाग इंग्लंडमधील जुन्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

वैदेही_विधिज्ञ

पंचहौद, रखमाबाईंचे नाव आपण घेतलेत, म्हणून त्यांच्या नवऱ्याने लावलेल्या खटल्याची एक बाजू सांगते. पत्नीला पतीच्या घरी पाठवण्याचा दावा ही मुळात हिंदू धर्मशास्त्रातील तरतूद नव्हती. ती इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून आली होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल देताना हे नोंदवले होते. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये, नवऱ्याकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करू, असे त्यांनी सांगितले. खुद्द इंग्लंडमध्ये अशा दाव्यात तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. मायदेशी मोडीत काढलेला कायदा मुंबईत एका तरुण स्त्रीवर चालवला जात होता! १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या.

दिगंत

यावरून मेरी किंग्जली हिची आठवण झाली. तिचे वडील आणि आई १८९२ मध्ये थोड्या अंतराने वारले, तोपर्यंत ती तिशीच्या उंबरठ्यावर आली होती आणि तिचे सारे आयुष्य घरात, आईच्या शुश्रूषेत गेले होते. पुढच्याच वर्षी ती एकटी पश्चिम आफ्रिकेला गेली, कापड आणि तंबाखू देऊन हस्तिदंत आणि रबर घेत तिने प्रवासाचा खर्च काढला आणि १८९७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मात्र संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळावे, या मागणीला तिचा विरोध होता. घरी परतली की भावाचे घर सांभाळणे हे आपले कर्तव्य आहे, असे ती मानत असे. स्वतः स्वतंत्र जगलेली स्त्री दुसऱ्या स्त्रियांच्या स्वातंत्र्याची कैवारी असेलच, असे मानून ही पुस्तके वाचू नयेत. नाइटिंगेलही स्त्रियांच्या मताधिकाराला फार तातडीचा मानत नव्हत्या.

सुनंदा_कुलकर्णी

दिगंत, नाइटिंगेलबाईंविषयी एवढ्यावर थांबू नये असे वाटते. १८५२ च्या सुमारास, घरातून बाहेर पडण्याआधी, त्यांनी ‘कॅसँड्रा’ हा निबंध लिहिला. सुखवस्तू घरातील मुलीला स्वतःचा असा अर्धा तासही मिळत नाही, तिचा वेळ कोणीही येऊन मोडावा असाच मानला जातो, हे त्यांनी त्यात ज्या संतापाने लिहिले आहे, तो संताप आजही अंगावर येतो. तो त्यांनी खासगीरीत्या छापून घेतला होता, वाचकांसमोर मात्र तो आला १९२८ मध्ये, रे स्ट्रेची यांच्या ‘द कॉज’ या स्त्रीचळवळीच्या इतिहासाच्या शेवटी. १८५३ मध्ये वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड बांधून दिले, तेव्हा त्या हार्ली स्ट्रीटच्या रुग्णालयाचा कारभार पाहायला जाऊ शकल्या. अनिरुद्ध यांचा हिशेब इथेही लागू पडतो.

मृण्मयी_स

सर्वांचे मनापासून आभार. ओंकार यांच्या सांगण्यावरून ‘द ऑड विमेन’ वाचायला घेतली आहे आणि कादंबऱ्यांविषयीचे माझे मत तिने खरोखर हलवले आहे. माझा मूळ प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. कमी उत्पन्नाच्या, प्रसिद्ध नसलेल्या, गावात राहणाऱ्या अविवाहित स्त्रीचा साधा दिवस कुठे वाचायला मिळेल? आणि इतक्या पुस्तकांत सुरुवात कशाने करावी?

लीड्सकर

गावातील दिवस वाचायचा असेल, तर फ्लोरा थॉम्प्सन यांचे ‘लार्क राइज टू कँडलफर्ड’ घ्या. तीन भाग १९३९ ते १९४३ या काळात आले आणि १९४५ मध्ये ते एकत्र निघाले. काळ मात्र १८८० आणि १८९० च्या दशकांतला आहे. तिसऱ्या भागातील मिस डॉर्कस लेन वडिलांकडून आलेली लोहारशाळा आणि गावचे टपाल कार्यालय अशी दोन्ही कामे एकटी सांभाळते. लोहार तिच्याच घरी राहतात, तिच्याच टेबलावर ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी जेवतात आणि तिच्या शब्दाबाहेर जात नाहीत. गावात तिला कोणी बिचारी म्हणत नाही. लेखिका स्वतः चौदाव्या वर्षी टपाल कार्यालयात कामाला लागली होती, त्यामुळे तिकिटे, तारा, टपालपिशव्या यांचे तपशील अस्सल आहेत.

सुनंदा_कुलकर्णी

इतिहास म्हणून एकच पुस्तक हवे असेल, तर मार्था व्हिसिनस यांचे ‘इंडिपेंडंट विमेन’ (१९८५) सुचवते. भगिनीसंघ, परिचारिका, महिला महाविद्यालये, निवासी शाळा आणि गरीब वस्त्यांतील सेवाकेंद्रे अशा संस्थांमधून अविवाहित स्त्रियांनी काम, घर आणि सोबत या तिन्ही गोष्टी कशा मिळवल्या, हे त्यात सांगितले आहे. आजारपणात जवळ कोण असे, हा आपला प्रश्न होता. त्याचे उत्तर पुष्कळदा सहकारी मैत्रीण हेच होते. कॉब हिने मेरी लॉइड या शिल्पकार मैत्रिणीबरोबर तीस वर्षांहून अधिक काळ घर केले. मात्र हे पुस्तक आधी वाचू नका. आधी दोन-तीन मूळ पुस्तके वाचा, म्हणजे त्यातील माणसे ओळखीची वाटतील.

मृण्मयी_स

मग ‘शर्ली’ पुन्हा एकदा वाचून लगेच मेरी टेलरची पत्रे घेऊ, की आधी पत्रे आणि मग ‘शर्ली’?

लीड्सकर

आधी ‘शर्ली’च घ्यावी. मेरीला ती वेलिंग्टनमध्ये मिळाली, तेव्हा तिने जशी वाचली असेल तशी, आणि मग १८५० चे ते पत्र. त्यानंतर जमल्यास ‘व्हिलेट’ (१८५३) वाचा. ती शार्लटने त्या पत्रानंतर लिहिली आणि तिच्यातली लूसी स्नो शेवटी स्वतःची शाळा चालवते. तिथे पोहोचलात की इथे जरूर कळवा, मलाही तो भाग पुन्हा वाचायचा आहे.